घराचा विमा आणि विश्वामित्रीचे पाणी

घराच्या विम्याविषयी प्रश्न पाठवावेत, असे आवाहन गेल्या अंकात केले होते. आलेल्या पत्रांपैकी बहुतेक पत्रांत ऑगस्ट २०२४ च्या पुराचा उल्लेख आहे, आणि काहींनी ३१ जुलै २०१९ ची आठवण काढली आहे, ज्या दिवशी बडोद्यात जवळजवळ वीस इंच पाऊस कोसळला होता. सारखे प्रश्न एकत्र करून, वाचकांची नावे न देता, उत्तरे देत आहे.

प्रश्न : समा भागात आमचे तळमजला आणि वर एक मजला असे टेनामेंट आहे. २०२४ च्या पुरात घरात चार फूट पाणी शिरले आणि तीन दिवस उतरले नाही. गृहकर्ज घेताना बँकेने विमाही दिला होता आणि त्याचा एकरकमी हप्ता कर्जातच मिळवला होता, त्यामुळे आम्ही निर्धास्त होतो. दावा केल्यावर मात्र हा विमा घराचा नाहीच, असे लेखी उत्तर आले. आमची फसवणूक झाली का? आता कोणता विमा घ्यावा, आणि त्यात पुराचे पाणी धरतात का?

उत्तर : आपण पाठविलेल्या कागदाची प्रत मी पाहिली. हा कर्जदाराच्या आयुष्याचा विमा आहे. कर्ज फिटण्याआधी कर्जदाराचा मृत्यू झाला तर उरलेले कर्ज विमा कंपनी फेडते, म्हणजे कुटुंबाच्या डोक्यावरचा बोजा उतरतो. ते संरक्षण मोलाचे आहे. परंतु भिंती, फरशी, वायरिंग, कपाटे यांच्याशी त्याचा काहीही संबंध नाही. कर्ज मंजूर होताना एकाच बैठकीत वीस-पंचवीस सह्या कराव्या लागतात, आणि 'विमा झाला आहे' एवढे एक वाक्य कानावर पडले की माणूस पुढे विचारत नाही. माझ्याकडे आलेल्या पत्रांपैकी निम्म्याहून अधिक पत्रांत हाच प्रकार आहे, म्हणून सर्व कर्जदार वाचकांना माझी कळकळीची विनंती आहे की त्यांनी आजच तो कागद काढून त्यावर 'विमा कशाचा' हे वाचावे. तेथे व्यक्तीचे नाव आणि वय असेल, पण घराचा पत्ता व बांधकामाची रक्कम नसेल, तर तो घराचा विमा नव्हे. काही बँका घराचाही विमा उतरवतात, मात्र तो कित्येकदा कर्जाच्या रकमेपुरता असतो आणि त्यात घरातील सामान धरलेले नसते. विमा अमुकच कंपनीकडून घ्या, अशी सक्ती बँकेला करता येत नाही, हेही लक्षात ठेवावे.

आता कोणता विमा घ्यावा याविषयी. १ एप्रिल २०२१ पासून विमा नियामक प्राधिकरणाने 'भारत गृह रक्षा' या नावाची प्रमाणित पॉलिसी लागू केली असून, आगीचा विमा करणाऱ्या सर्व सर्वसाधारण विमा कंपन्यांना ती द्यावीच लागते. तिचा मजकूर सर्व कंपन्यांचा सारखाच असतो. कंपन्या घरासाठी स्वतःच्या वेगळ्या पॉलिसीही विकतात, म्हणून मागताना नाव घेऊन मागावी. आग, स्फोट, वीज कोसळणे, भूकंप, वादळ, चक्रीवादळ, पूर आणि पाणी साचून घर जलमय होणे, जमीन खचणे, दंगल व खोडसाळ नुकसान, पाण्याची टाकी किंवा नळ फुटणे या सर्व गोष्टी तिच्या मूळ संरक्षणातच येतात. पुरासाठी वेगळा हप्ता भरून वेगळे कलम घ्यावे लागत नाही, आणि आपल्या शहराच्या दृष्टीने हे फार महत्त्वाचे आहे, कारण बडोद्यात पाणी नेहमी नदीचा काठ ओलांडूनच येते असे नाही. पावागडच्या बाजूने आणि आजवा सरोवरातून आलेल्या पाण्याने विश्वामित्री फुगली की शहरातील पावसाळी गटारांचे पाणी नदीत जायला जागा उरत नाही आणि ते उलटे रस्त्यांवर, मग अंगणात आणि शेवटी घरात येते. नदीपासून लांब राहणाऱ्या कुटुंबांनाही २०१९ मध्ये आणि २०२४ मध्ये हाच अनुभव आला. पॉलिसीत पुराबरोबरच जलमय होण्याचाही उल्लेख असल्यामुळे, पाणी नदीचे की गटाराचे, असा वाद उद्भवण्याचे कारण राहत नाही.

घराच्या बांधकामात केवळ खोल्या येत नाहीत. भिंती, छत आणि पंखे-वायरिंगसारख्या कायम बसविलेल्या वस्तूंबरोबर त्याच जागेतील आवारभिंत, फाटक, पोर्च, पाण्याची टाकी आणि गच्चीवरील सौर पॅनेलही बांधकामातच मोडतात. वादळी वाऱ्यात आपल्याकडे पॅनेल उखडण्याचे आणि आवारातील झाड भिंतीवर पडण्याचे प्रकार होतात, म्हणून विमा रक्कम ठरविताना या गोष्टींचा खर्च विसरू नये. घरातील सर्वसाधारण सामान, म्हणजे फर्निचर, फ्रिज, धुलाई यंत्र, भांडी, कपडे इत्यादी, बांधकामाच्या विमा रकमेच्या २० टक्के इतके आपोआप धरले जाते, मात्र १० लाख रुपयांच्या मर्यादेत. सामान त्याहून अधिक किमतीचे असेल तर यादी देऊन रक्कम वाढविता येते. दागिने व मौल्यवान वस्तूंसाठी स्वतंत्र ऐच्छिक कलम घ्यावे लागते. रोख रक्कम, कागदपत्रे आणि वाहने यांना हा विमा लागू होत नाही.

आपल्या पत्रात एक गोष्ट अशी आहे, जिच्याकडे मी मुद्दाम लक्ष वेधतो. पाणी उतरल्यावर तिसऱ्याच दिवशी आपण फ्रिज सुरू करून पाहिला आणि तो जळाला. घराचा विमा असता तरी येथे वाद झाला असता, कारण विजेचे उपकरण शॉर्टसर्किटने स्वतः जळाले तर त्या उपकरणाचे नुकसान पॉलिसी देत नाही. त्यातून आग पसरून इतर वस्तू जळाल्या तर त्यांचे देते. पाण्यात बुडालेले उपकरण जाणकार वायरमनने तपासल्याशिवाय सुरू करू नये. जिवाच्या दृष्टीनेही तेच योग्य.

प्रश्न : अकोट्याला तिसऱ्या मजल्यावर आमचा फ्लॅट आहे. आजचा भाव ७० लाख रुपये आहे. एजंट ७० लाखांचाच विमा घ्या, असे सांगतो. हप्ता किती बसेल? आणि मुळात तिसऱ्या मजल्यावर पूर येतच नाही, तर विमा कशासाठी?

उत्तर : सत्तर लाखांत जमिनीचा वाटा, वस्तीचा मान, रस्त्याचा सोयीस्करपणा असे सर्व काही आहे. यातले काहीही पुराने वाहून जात नाही आणि आगीत जळत नाही. विमा उतरवायचा असतो तो घर पुन्हा बांधण्याच्या खर्चाचा. भारत गृह रक्षा पॉलिसीत त्याची रीत सरळ आहे: घराचे चटई क्षेत्र गुणिले पॉलिसी सुरू होताना चालू असलेला बांधकामाचा दर. आपले चटई क्षेत्र १,००० चौरस फूट असेल आणि बांधकामाचा दर चौरस फुटाला २,००० रुपये धरला, तर विमा रक्कम २० लाख रुपये होते. दर मी केवळ उदाहरणासाठी घेतला आहे; आपण आपल्या भागातील कंत्राटदाराला किंवा वास्तुविशारदाला आजचा दर विचारून तो आकडा लिहून ठेवावा. सत्तर लाखांवर हप्ता भरला तरी नुकसानभरपाई प्रत्यक्ष खर्चापेक्षा जास्त मिळणार नाही, म्हणजे जादा हप्ता वाया जाईल.

उलट बाजूही सांगतो, कारण हप्ता वाचविण्यासाठी रक्कम मुद्दाम कमी लावणारे लोक मी अधिक पाहिले आहेत. सर्वसाधारण विम्यात अपुऱ्या विम्याचा नियम असतो: २० लाखांच्या बांधकामाचा विमा १० लाखांचाच उतरवला आणि ४ लाखांचे नुकसान झाले, तर अर्धाच विमा होता म्हणून दोनच लाख मिळतात. भारत गृह रक्षा पॉलिसीत हा नियम माफ केला आहे आणि ती तिची मोठी जमेची बाजू आहे. परंतु विमा रकमेपेक्षा जास्त पैसे कोणत्याही परिस्थितीत मिळत नाहीत, त्यामुळे पूर्ण घर पडल्यास कमी लावलेली रक्कम कमीच पडते. पॉलिसी दहा वर्षांपर्यंतच्या मुदतीची घेता येते, आणि दीर्घ मुदतीच्या पॉलिसीत बांधकामाची रक्कम दरवर्षी १० टक्क्यांनी, जादा हप्ता न घेता, वाढत जाते. सिमेंट, लोखंड आणि मजुरी यांचे भाव जसे चढतात, ते पाहता ही तरतूद उपयोगी आहे.

हप्त्याचा दर हजारी सांगतात, म्हणजे विमा रकमेच्या दर हजार रुपयांमागे अमुक पैसे. हिशेबाच्या सोयीसाठी हजारी ४० पैसे दर मानला, तर २० लाखांचे बांधकाम आणि ४ लाखांचे सामान मिळून २४ लाखांवर वर्षाला ९६० रुपये, आणि त्यावर १८ टक्के जीएसटी धरून सुमारे १,१३३ रुपये होतात. प्रत्यक्ष दर कंपनीगणिक वेगळा असतो, कारण आगीच्या विम्याचे सरकारी दरपत्रक २००७ पासून राहिलेले नाही. मजकूर सारखा आणि दर वेगळे, अशी स्थिती असल्यामुळे दोन-तीन कंपन्यांचे दर मागवून तुलना करणे येथे खरोखरच अर्थपूर्ण ठरते. मात्र सर्व कंपन्यांना विमा रक्कम तीच सांगावी, नाहीतर तुलना फसवी होते.

तिसऱ्या मजल्यावर पूर येत नाही हे खरे. पण २६ जानेवारी २००१ ची भूकंपाची सकाळ आपल्या पिढीतील कोणीही विसरलेले नाही, आणि आग तर मजला पाहून लागत नाही. शिवाय २०२४ मध्ये वरच्या मजल्यांवरील कुटुंबांचे हाल झाले ते खालच्या मीटर-रूममुळे, लिफ्टच्या खड्ड्यात भरलेल्या पाण्यामुळे आणि पाणी चढविणाऱ्या मोटारी बुडाल्यामुळे. या सामायिक वस्तू आपल्या वैयक्तिक पॉलिसीत येत नाहीत. त्यांचा विमा सोसायटीने स्वतः घ्यावा लागतो. वार्षिक सर्वसाधारण सभेत हा विषय मांडावा आणि सोसायटीकडे पॉलिसी असेल तर तिची प्रत प्रत्येक सभासदाने मागून घ्यावी, असे मला वाटते.

प्रश्न : मी नोकरीनिमित्त कारेलीबागेत भाड्याने राहते. घर माझे नाही, मग मी विमा घेऊ शकते का?

उत्तर : होय, फक्त सामानाचा घेता येतो. बांधकामाची काळजी घरमालकाने करायची. सामानाची यादी खोलीवार करा, बिले असतील त्यांची छायाचित्रे काढून ठेवा आणि तळमजल्यावर राहत असाल तर पॉलिसी पावसाळ्यापूर्वी घ्या.

प्रश्न : दांडिया बाजारात आमचा वडिलोपार्जित वाडा आहे. सागवानी खांब, विटांच्या भिंती, वर कौले. आम्ही तिघे भाऊ आणि एक बहीण मालक आहोत. एक भाऊ पुण्याला असतो. रस्त्याच्या बाजूला आमचेच किराणा दुकान आहे. अशा जुन्या घराचा विमा कोणी करील का?

उत्तर : करतील, पण आपल्याला थोडी अधिक तयारी करावी लागेल. लाकडी वाडा म्हटले की काही कर्मचारी त्याला 'कच्चे बांधकाम' समजतात. विम्याच्या भाषेत कच्चे म्हणजे गवत, बांबू, ताडपत्री किंवा लाकडी फळ्या यांच्या भिंती वा छत असलेले घर. विटांच्या भिंती आणि सागवानी सांगाडा असलेला वाडा त्यात बसत नाही, हे छायाचित्रांसह लेखी मांडावे. घराचे वय, वाळवी, पूर्वीच्या पुरात झालेले नुकसान यांतले काहीही लपवू नये. प्रस्तावातील खोटे किंवा अर्धवट उत्तर दाव्याच्या वेळी हमखास बाहेर येते, आणि त्या वेळी खरे असलेले नुकसानही संशयात सापडते.

मालकीचा प्रश्न आधी नीट करावा. विमा ज्याच्या नावावर, त्याचा त्या मालमत्तेत हितसंबंध असावा लागतो. म्हणून पॉलिसी चौघांच्या नावाने घेणे उत्तम. आजोबांच्या नावावर राहिलेला सात-बारा किंवा मिळकतपत्रिका बदलून घेण्याचे काम बडोद्यातील कितीतरी कुटुंबांनी वर्षानुवर्षे पुढे ढकलले आहे. भरपाईचा धनादेश कोणाच्या नावे काढायचा, यावर दावा अडकला म्हणजे त्या दिरंगाईची किंमत कळते. पुण्याच्या भावाची लेखी संमती आताच घेऊन ठेवा.

दुकान घराच्या पॉलिसीत बसणार नाही. दुकानाची जागा आणि त्यातील माल यांसाठी एका ठिकाणची एकूण मालमत्ता ५ कोटी रुपयांपर्यंत असलेल्या व्यवसायांकरिता 'भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा' ही वेगळी प्रमाणित पॉलिसी आहे. तांदळाच्या गोण्या आणि साखर यांचे पाण्याने जे होते, ते आपल्याला सांगायला नकोच. घराचा प्रस्ताव भरताना दर्शनी भागात दुकान आहे हे मात्र स्पष्ट लिहावे. आणि एक मर्यादाही समजून घ्यावी: कौलांतून वर्षानुवर्षे झिरपणारे पाणी, कुजलेले वासे, पोपडे धरलेली भिंत ही झीज आहे. तिचा खर्च विमा देत नाही, आणि डागडुजी न केलेल्या घरात पुराचे नुकसान कोणते व जुने कोणते, हे वेगळे काढणे कठीण होऊन बसते.

प्रश्न : आमचा घराचा विमा होता. २०२४ मध्ये मुजमहुडा येथील घरात पाणी शिरले. दुर्गंधी इतकी होती की गाद्या, सोफा, प्लायवूडची कपाटे आम्ही दोन दिवसांत रस्त्यावर टाकली आणि पालिकेच्या गाड्यांनी ती उचलून नेली. नुकसानीची पाहणी करणारा विमा कंपनीचा सर्वेअर नंतर आला. त्याने 'वस्तू पाहिल्या नाहीत' म्हणून बरीच रक्कम कापली आणि भिंतींची ओल जुनी ठरवली. आता काय करता येईल?

उत्तर : आपली अडचण मला पूर्ण समजते. लहान मुले आणि वृद्ध आई असलेल्या घरात सडलेल्या गाद्या सर्वेअरची वाट पाहत ठेवणे शक्य नव्हते, आणि नुकसान वाढू नये म्हणून वाजवी उपाय करणे ही तर विमाधारकाचीच जबाबदारी आहे. फक्त वस्तू टाकण्यापूर्वी पुरावा ठेवावा लागतो. तो आता कोठून उभा करता येईल, हे पाहू. त्या दिवसांत घरातील, शेजाऱ्यांनी किंवा नातेवाइकांनी मोबाइलवर काढलेली छायाचित्रे गोळा करा. रस्त्यावरच्या ढिगाऱ्यात आपला सोफा दिसत असेल तर तेही चालेल. लग्नात, वाढदिवसात काढलेल्या जुन्या छायाचित्रांत मागे दिसणारी कपाटे आणि फ्रिज हे त्या वस्तू घरात असल्याचे पुरावे आहेत. फर्निचर बनविणाऱ्या सुताराचे पत्र, बँक खात्यातील खरेदीच्या नोंदी, शेजाऱ्यांची लेखी निवेदने आणि सरकारी पाहणीत कॅशडोल (पूरग्रस्तांना रोजच्या खर्चासाठी मिळणारी रोख मदत) वा घरवखरीची (घरसामानाची) मदत मिळाली असल्यास तिची नोंद जोडा. ती मदत म्हणजे भरपाई नव्हे, पण अमुक पत्त्यावर अमुक दिवशी पाणी होते, याची सरकारी साक्ष तीत मिळते.

ओलीच्या मुद्द्यावर, पाण्याची रेषा भिंतीवर कोठवर आली होती हे निर्णायक ठरते. पुराची ओल सर्व भिंतींवर एकाच उंचीपर्यंत असते. झिरपणारी जुनी ओल वरून किंवा एखाद्या कोपऱ्यातून येते. पुढे कधी पाणी आलेच, तर झाडू मारण्यापूर्वी भिंतीशी मोजपट्टी धरून प्रत्येक खोलीचे छायाचित्र काढावे, असे मी सर्वच वाचकांना सांगतो.

सर्वेअरच्या अहवालाची प्रत कंपनीकडे लेखी मागा. ती मिळण्याचा आपल्याला हक्क आहे. प्रत्येक कपातीसमोर कारण वाचा आणि त्याचे मुद्देसूद उत्तर कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला पाठवा. दाव्यात मागायच्या राहून गेलेल्या गोष्टींकडेही पाहा: भारत गृह रक्षा पॉलिसीत ढिगारा व चिखल हटविण्याचा खर्च दाव्याच्या २ टक्क्यांपर्यंत आणि वास्तुविशारद वा अभियंत्याची फी ५ टक्क्यांपर्यंत मिळू शकते. घर राहण्याजोगे नसताना इतरत्र भरलेले भाडेही दुरुस्तीला लागणाऱ्या वाजवी काळापुरते मागता येते. आपण दोन महिने भाच्याकडे राहिलात आणि भाडे दिले नाही, असे लिहिले आहे, त्यामुळे ते कलम आपल्याला लागू होणार नाही. परंतु चिखल काढण्यासाठी मजुरांना दिलेले पैसे आपण मागितलेलेच नाहीत. ते मागा. 'पूर्ण व अंतिम' असे छापलेल्या पावतीवर सही करण्यापूर्वी उरलेल्या रकमेबाबतची हरकत लेखी कळवून तिची पोच घ्यावी.

कंपनीने एका महिन्यात उत्तर दिले नाही, किंवा दिलेले उत्तर पटले नाही, तर अहमदाबाद येथील विमा लोकपालांकडे तक्रार करता येते. गुजरात त्यांच्याच कार्यक्षेत्रात आहे. त्यासाठी शुल्क नाही, वकील लागत नाही, आणि ५० लाख रुपयांपर्यंतच्या भरपाईचा निर्णय ते देऊ शकतात. तो निर्णय कंपनीवर बंधनकारक असतो. कंपनीच्या अंतिम उत्तरापासून एक वर्षाच्या आत तक्रार व्हावी लागते, म्हणून आपल्याकडील शेवटच्या पत्राची तारीख सर्वांत आधी पाहा. विमा नियामक प्राधिकरणाच्या 'बीमा भरोसा' या तक्रार व्यवस्थेत १५५२५५ या क्रमांकावरही तक्रार नोंदविता येते, पण त्या नोंदीमुळे लोकपालांची मुदत थांबते असे गृहीत धरू नये.

आपण पत्राच्या शेवटी गाडीविषयी विचारले आहे. गाडीचे नुकसान घराच्या नव्हे, गाडीच्याच पॉलिसीत पाहायचे असते. केवळ तृतीय पक्षाचा विमा असेल तर पुराचे काहीही मिळत नाही. सर्वसमावेशक पॉलिसीत पुराचे नुकसान येते. परंतु पाण्यात उभी असलेली गाडी सुरू केल्याने इंजिनात पाणी ओढले गेले, तर इंजिन संरक्षणाचे जोडकलम नसल्यास कंपनी तो खर्च नाकारू शकते. आपल्या पॉलिसीत ते कलम आहे का, हे पॉलिसीच्या शेड्यूलमध्ये (तपशीलपत्रकात) पाहून मला कळवावे, म्हणजे पुढच्या अंकात त्यावर नेमके लिहिता येईल.